अधिकउणं

आमच्या वाल्कात मत देतात शनिवारी,
रस्त्यापलीकडच्या वाल्गात रविवारी.
रस्ता एकच. मधे पांढरा पट्टा,
तोही बर्फ उपसणाऱ्या गाड्यांनी
खरवडून निम्मा नेलेला.
इकडे लाटव्हिया, तिकडे एस्टोनिया,
आणि संसद दोघांची मिळून एक,
बसने गेलं तर दोन दिवसांवर.

मी स्काइद्रीते. तीस वर्षं गणित शिकवलं,
आता त्याच शाळेच्या जिममध्ये मतं मोजते.
आमची रीत अशी: आधी यादी निवडायची,
मग आवडत्या नावापुढे अधिकचं चिन्ह,
नावडत्यावर सरळ काट.
पलीकडे एंडेल, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा,
कागदावर नुसता एक आकडा लिहायचा.
आता तेही नाही. सौनाच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून,
लॅपटॉप मांडीवर, कार्ड खुपसलं, झालं.
"लोकशाहीला घाम फुटलाच पाहिजे," म्हणतो.

माझी मोजणी शनिवारी रात्रीच संपते.
मग रविवारी मध्यरात्रीपर्यंत अळीमिळी गुपचिळी:
इटलीतलं शेवटचं दार बंद होईतो
कुणी आकडा उच्चारायचा नाही.
एवढ्यापुरते आम्ही सगळे एक असतो,
गप्प बसण्यापुरते.

मार्चमध्ये वाचनालयात एक मुलगी आली,
येल्त्ये नावाची, फ्रीसलंडची.
तिने फळ्यावर दोन चौकोन काढले.
एक मतपत्रिका देशाची, नेहमीची.
दुसरी सगळ्या खंडाची:
सगळीकडे तीच नावं, तोच दिवस.
एंडेल उठला. "यांचे नऊ, आमचे सात,
जर्मनांचे शहाण्णव.
तुझ्या दुसऱ्या कागदावर आम्ही दिसायला भिंग लागेल."
ती म्हणाली, लहान देशांना जागा राखून ठेवतील.
"म्हणजे भिंगच की," म्हणाला आणि बसला.
म्हातारी आउस्मा पुटपुटली,
ज्याचं नाव जिभेवर बसत नाही त्याला मत कसं द्यायचं?
(रीगाच्या ज्या गृहस्थाला मी दोनदा अधिक दिलं
त्याचं नाव मला छान म्हणता येतं.
तो या रस्त्यावर कधी आलेला नाही.)

मी एकच विचारलं:
त्या दुसऱ्या कागदावर काट मारता येईल का?
येल्त्ये गोंधळली. "खोडायचं कशाला?"
तिला कसं सांगू.
लांबच्याला आपण नुसती नावं ठेवतो.
नाव खोडायला माणूस ठाऊक असावा लागतो,
अधिकउणं आपल्याच माणसाला बोलता येतं.
मला पोर्तुगालचा एखादा पक्का लबाड
वाचून, समजून, चष्मा पुसून
पेन्सिलीने खोडायचा आहे.
आणि सिसिलीतल्या कुणा बाईने
आमचा एखादा.

जूनच्या त्या शनिवारी, रात्री अकराला,
एका पाकिटातून यादी निघाली,
सगळी नावं जशीच्या तशी, ना अधिक ना काट,
आणि खाली समासात, बारीक अक्षरात:
लेइदा क्रूस. पुढे एक अधिक.

लेइदा पलीकडची, वाल्गाची उमेदवार.
रुग्णालय त्यांचं, बाळंतपणं आमची,
मधे दोन सरकारांचे अर्ज,
यावर बोलणारी ती एकटीच.

नियम स्पष्ट आहे. यादीला मत धरलं,
नाव धरलं नाही.
"रस्ता चुकलेलं मत," निल्स हसला,
आमचा तरुण सचिव.

अक्षर मी ओळखलं.
के चा पाय असा लांब ओढणारी
माझ्या वर्गात एकच होती.
मतदान गुप्त असतं, नाव सांगणार नाही.
गेल्या हिवाळ्यात तिची अ‍ॅम्ब्युलन्स
पट्ट्याच्या अलीकडे बावीस मिनिटं उभी होती,
एवढं मात्र सगळ्या गावाला माहीत आहे.

रविवारी मध्यरात्री एंडेलचा फोन.
"उघड आता तोंड."
मी सगळे आकडे सांगितले, यादीवार,
एक सोडून.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
ते अजून ठरायचंय.